जुन्यातली एक मूठ

अमिरातीत मी बावीस दिवस राहिलो आणि एकाही उंच इमारतीच्या गच्चीवर गेलो नाही. सोन्याच्या बाजारात गेलो, तेही बहिणीच्या मंगळसूत्राची वाटी सांधून घ्यायची होती म्हणून. उंटावर बसून फोटोसुद्धा काढला नाही. त्यामुळे कोल्हापुरात परत आल्यावर जो तो "काय काय बघितलंस?" असं विचारायला लागला, तेव्हा माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट होती. ती ऐकून लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतात, आणि मला त्याचा राग येतो. म्हणून आता एकदाच लिहून काढतो. ज्याला पटेल त्याने घ्यावं.

माझा धंदा गादीकामाचा. रिक्षाचे हूड, जीपची कुशनं, ट्रॅक्टरच्या सीटा. वडिलांपासूनचं दुकान आहे. माझी धाकटी बहीण नंदा शारजात असते आणि तिचा नवरा विलास दुबईत अल क्वोजला एका गॅरेजमध्ये फोरमन आहे. या गॅरेजात जुन्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करतात. दोन हजार सालच्या डिसेंबरात विलासचा फोन आला.

"दादा, महिनाभर या. एक हूड शिवायचाय."

"तिकडं रिक्षा कधी सुरू झाल्या?"

"रिक्षाचा न्हाई हो. अमेरिकन गाडीचा."

गाडी १९६७ सालची होती. दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, छप्पर मागे दुमडलं की उघडी होणारी. अमेरिकेतल्या तरण्या पोरांनी रस्त्यावर शर्यती लावाव्यात म्हणून असल्या गाड्या निघाल्या म्हणे. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही. तिच्यासाठी अमेरिकेहून मागवलेला तयार हूड दुसऱ्याच सालच्या गाडीचा निघाला होता, आणि विलासने फुशारकीत मालकाला सांगून टाकलं होतं की माझा मेहुणा असला हूड डोळे मिटून शिवतो.

शारजा

विमानतळावर माझी हत्यारांची पेटी उघडली गेली. वाकड्या सुया, टोचे, मेणाचा दोरा, वडिलांची पितळी कात्री. अधिकाऱ्याने एक वितभर लांब वाकडी सुई वर धरली आणि विचारलं, "डॉक्टर?"

"डॉक्टरच," मी म्हणालो. "गाड्यांचा."

तो हसला नाही. पेटी मात्र त्याने सोडली.

नंदाचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दुबईत काम करायचं आणि भाडं परवडतं म्हणून शारजात राहायचं, असा तिथल्या निम्म्या लोकांचा हिशेब. पहाटे साडेपाचला निघालो तरी अल क्वोजला पोचायला सव्वासात वाजायचे. समोर नुसते लाल दिवे. पहिल्या दिवशी मी विलासला म्हणालो, "एवढ्या वेळात कोल्हापूरहून सांगलीला जाऊन माणूस परत येतो की."

"सवय होते, दादा," तो म्हणाला. "आपण काय करणार?"

भाची ऋचा दहा वर्षांची. मी आणलेला चिवडा तिने बोटाने ढवळला आणि म्हणाली, "मामा, इट्स सो स्पायसी."

"तुझी आई याच्यावर वाढलीय."

"आय नो. शी टेल्स मी एव्हरी डे."

पोरगी मराठीतलं सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. मला आधी राग आला, मग कौतुक वाटलं, मग मीच तिच्याशी मोडकं इंग्रजी बोलायला लागलो आणि नंदाची बोलणी खाल्ली.

कागदोपत्री मी बहिणीकडे आलेला पाहुणा होतो. त्यामुळे गॅरेजमध्ये मी "मामा" झालो, म्हणजे कामगार नाही, घरचा माणूस. पगारपत्रकावर मामा कोणी लावत नाही.

अल क्वोज

अल क्वोज म्हणजे गोदामं आणि पत्र्याच्या शेड. रस्त्यावर झाड नाही, बाई नाही, मूल नाही. सगळे पुरुष, सगळे दूरचे. विलासच्या गॅरेजच्या शेडमध्ये मागच्या कोपऱ्यात ती गाडी उभी होती. अंगावरचा रंग काळपट निळा, नुकताच वाळलेला. तो मारणारा गुलजान पेशावरकडचा पठाण, सहा फूट उंच, मेंदीने रंगवलेली दाढी. एवढा धिप्पाड माणूस, पण गाडीकडे पाठ करून चहा प्यायचा नाही, हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

आत सगळं जुनंच होतं. सीटांचं रेक्झिन तडकलेलं, फोम पिवळा पडून भुसा झालेला, खाली काथ्या आणि कापूस. वासही होता. अत्तराचा धूर, सिगरेट, आणि त्याखाली ओल्या दगडासारखं काहीतरी.

"मालकाचं एकच म्हणणं आहे," विलास म्हणाला. "आतलं जुनं कायबी ठेवायचं न्हाई. सगळं पोत्यात भरून ठेवा. सैफ स्वतः येऊन नेणार आहे."

मी "बरं" म्हणालो. गिऱ्हाईक असं म्हणतंच. आपण जुनाच माल भरून नव्याचे पैसे लावू असा त्यांचा कायमचा संशय असतो.

हूड शिवायला मला आठ दिवस लागले. रिक्षाच्या हूडात आणि याच्यात फरक एवढाच की रिक्षाचा एकदा बसवला की बसला, हा दुमडायचा आणि उघडायचा. सांगाड्याच्या प्रत्येक कमानीवर कापड किती सैल सोडायचं हे मापात सापडत नाही. ते हाताने कळतं, आणि माझ्या हाताला ते कळलं. नवव्या दिवशी हूड उघडला, मिटला, पुन्हा उघडला, कुठेही सुरकुती नाही. गुलजानने टाळ्या वाजवल्या. मला खरंच फार अभिमान वाटला. परक्या मुलखात आपला हात चालतो याच्यासारखं सुख नाही.

मग सीटा घेतल्या. आता इथे आमच्या दुकानाची एक रीत सांगितली पाहिजे. जुनी सीट उसवून नवी भरली की अगदी शेवटची शिवण मारण्याआधी जुन्या मालातली एक मूठ आत सरकवायची. काथ्या असो, कापूस असो, जे असेल ते. वडील विरजणाचा दाखला द्यायचे, की जुन्या दह्याचा थेंब पडल्याशिवाय नवं दही लागत नाही. मूठ घातली की नवी सीट मालकाला ओळखते असं ते म्हणायचे. यात शास्त्र काही नाही. पण चाळीस वर्षं मी ते करत आलोय आणि आता हात मला विचारत नाही. पुढच्या दोन्ही सीटा झाल्या, मागची झाली, शेवटची शिवण मागच्या सीटच्या उजव्या अर्ध्या भागावर आली. पोत्यातून ड्रायव्हरच्या जुन्या सीटचा कापूस मूठभर घेतला, आत दाबला आणि शिवण बंद केली. विलासचं बोलणं तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर मागच्या सीटच्या उजव्या भागावर बैठक उमटलेली.

बैठक म्हणजे काय ते गादीवाल्याला विचारा. माणूस बसून उठला की फोमवर त्याच्या बसण्याचा खोलगा राहतो आणि नवा फोम असेल तर मिनिटभरात भरून येतो. हा भरून आला नव्हता. कुणीतरी सडपातळ माणूस जरा डावीकडे कलून आत्ताच उठून गेला असावा, असा तो दिसत होता. मी थापून सपाट केला आणि गुलजानला झापलं.

"गाडीत झोपतोस काय रे? नवी सीट आहे."

तो दुखावला. "मामाजी, मैं तो इस गाड़ी में अकेला हाथ भी नहीं डालता. इसमें कोई बैठता है."

"कोण बैठता है?"

"जिसकी है, वो."

मी त्याला वेड्यात काढलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फोम खराब असेल म्हणून विलासशी भांडलो. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना, कुणालाही न सांगता, सीटवर खडूची बारीक पूड भुरभुरवली. आमच्याकडे रेक्झिन चिकटू नये म्हणून ती वापरतात. कोणी बसलं तर पूड पुसली जाणार आणि चोर सापडणार.

सकाळी पूड जशीच्या तशी होती, कुठे बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. आणि तिच्याखाली सीट खोल गेलेली होती.

मी पूड पुसून टाकली आणि हात धुतले. चहा दोनदा मागवला. त्या दिवशी मी गुलजानशी फारच गोड बोललो, हे विलासच्याही लक्षात आलं.

सैफची भेट

गाडीचा मालक सैफ गुरुवारी आला. चाळिशीचा, अंगात पांढरा कंदुरा म्हणजे पायघोळ झगा, आवाज हळू. तिकडच्या बऱ्याच लोकांना येते तशी मोडकी हिंदी त्याला येत होती. त्याने हूडवरून हात फिरवला, माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग जुन्या मालाचं पोतं उचलून आपल्या दुसऱ्या गाडीच्या डिकीत ठेवायला लावलं आणि मला विचारलं, "मामा, सब निकाला? कुछ नहीं रखा अंदर?"

आत्ता मला विलासचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं. विलास माझ्याकडे अभिमानाने बघत होता.

मी मान हलवली. सब निकाला.

या माणसाने मला चहा पाजला, खुर्ची दिली, आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो. त्यानंतर त्याने का विचारलं ते सांगितलं, आणि मला ती खुर्ची टोचायला लागली.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, हमदची. बावीस वर्षांपूर्वी अशाच जानेवारीत, दाट धुक्याच्या सकाळी, हमद डोंगरातल्या गावाहून दुबईला निघाला. तिसऱ्या दिवशी गाडी माळावर सापडली, रस्त्यापासून थोडी आत. हूड उघडा, दारं बंद, किल्ली जागेवर. हमद नव्हता. उंटवाल्यांनी शोधलं, पोलिसांनी शोधलं, हेलिकॉप्टरने शोधलं. काहीच मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही.

गाडी गावातल्या घरामागे छपराखाली ठेवली गेली. आई रोज तिच्याशेजारी जाऊन बसायची, दार उघडून वास घ्यायची, बोलायची. आता आईला दिसेनासं झालं होतं. घर जुनं, दगडमातीचं. गेल्या पावसात खोलीचं छत तिच्या खाटेपासून हातभर अंतरावर पडलं. सैफने शारजात नवं घर बांधलं होतं, पण ती गाव सोडायला तयार नव्हती. हमद आला आणि घर बंद असलं तर, एवढंच ती म्हणायची. गाडी दुरुस्तीला द्यायला मात्र तयार झाली. हमदला गाडी नीट मिळाली पाहिजे, म्हणून.

"गाडीत वो है, इसलिए माँ वहाँ है," सैफ म्हणाला. "अब गाडी नवी. माँ बैठेगी, देखेगी, वो नहीं है. फिर बोलेगी, खलास. फिर चलेगी मेरे साथ. मामा, ये आख़री रस्ता है. अगली बारिश में दूसरा छत गिरेगा."

म्हणजे त्या म्हातारीचा जीव माझ्या मुठीत होता, आणि ती मूठ मी सीटमध्ये शिवून बसलो होतो. शनिवारी सकाळी गाडी गावाला न्यायची होती. हूड नवा असल्यामुळे मीही बरोबर यावं असं सैफचं म्हणणं होतं.

शुक्रवारी दुपारी

शुक्रवार सुट्टीचा. शारजात घरी मन लागेना. "बिर्याणी आणायला दुबईला जाऊ" असं काहीतरी खोटं सांगून विलासला बाहेर काढलं आणि त्याने मला गॅरेजवर सोडलं. तो बिर्याणीच्या रांगेत उभा राहायला गेला. पस्तीस दिरहॅम, म्हणजे आपले साडेचारशे, असं तो जाता जाता बोललाच.

शुक्रवारी दुपारी अल क्वोज म्हणजे स्मशान. मशिनी बंद, माणसं नमाजाला किंवा झोपलेली. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या आणि त्यातली एक बरोबर गाडीच्या मागच्या सीटवर होती. बैठक उमटलेली होतीच. त्या दिवशी जरा जास्त खोल.

मी पातं घेतलं. दोन टाके उसवायचे, दोन बोटं आत घालायची, मूठ बाहेर काढायची, परत शिवायचं. दहा मिनिटांचं काम. शिवणीला पातं लावायला डावा तळहात सीटवर टेकवला आणि तसाच मागे घेतला.

सीट गरम होती. उन्हाने तापते तशी नाही. माणूस उठून गेल्यावर असते तशी.

मी परत हात ठेवला. शेजारची डावी बाजू थंडगार. उन्हाची पट्टी असेल, मी स्वतःला सांगितलं. पण पट्टी तर आता डावीकडे सरकली होती.

पातं पेटीत ठेवलं आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उन्हात उभा राहिलो. मी भित्रा आहे असं कोणी म्हणू नये. माझ्या दुकानासमोर दोनदा मारामारी झाली तेव्हा मी मध्ये पडलोय. पण उठून गेलेल्या माणसाच्या जागेवर सुरी चालवायची हे मला जमलं नाही. विलास बिर्याणी घेऊन आला तेव्हा म्हणाला, "दादा, चेहरा असा काय झालाय?" मी म्हणालो, भूक लागलीय.

घरी नंदाने संक्रांतीचे तिळाचे लाडू केले होते. त्यातला एक डबा तिने सैफच्या आईसाठी बांधून दिला. "म्हातारं माणूस आहे, गोड खाईल," ती म्हणाली.

डोंगराकडे

शनिवारी सकाळी सातला अल क्वोजहून निघालो. सैफ चालवत होता, पुढची सीट आईसाठी रिकामी, मी मागे डावीकडे, म्हणजे सैफच्याच मागे, कारण तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. उजव्या बाजूकडे मी बघतही नव्हतो. सामान आणायला विलास मागून पिकअप घेऊन येत होता.

शहर संपलं आणि धुकं सुरू झालं. आपल्याकडे पन्हाळ्यावर धुकं असतं, पण त्यात झाडं असतात, माणसाला कुठे आहोत ते कळतं. इथे खाली वाळू पांढरी, वर धुकं पांढरं, आणि मधून रस्त्याची काळी रेघ दहा पावलांपुरती. विलासच्या पिकअपचे दिवे मागे दिसायचे बंद झाले. इंजिनाची घरघर धुक्यात आपटून परत आमच्यावरच यायची, शेजारून दुसरी तसलीच गाडी चालल्यासारखी. एकदा समोर चार पाय दिसले, नुसते पाय, वर काहीच नाही. सैफने ब्रेक दाबला. उंट होता. तो सावकाश रस्ता ओलांडून गेला, त्याचं तोंड मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

अर्ध्या तासाने सैफने गाडी हळू केली, रस्त्याच्या कडेला घेतली आणि तीनदा हॉर्न वाजवला. मग थांबून ऐकत राहिला.

"इधर मिली थी," तो म्हणाला. "मैं जब भी जाता, हॉर्न देता. माँ ने बोला था. शायद सुने."

धुक्यात काही हललं नाही. पुन्हा निघालो. मला आत्ता सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलं, आणि हूडचं एक बटण बघायचं निमित्त करून मिटलं.

गाव

डोंगर जवळ आले तसं धुकं मागे राहिलं. गाव म्हणजे खजुरीची वाडी आणि दगडी घरं, बरीचशी रिकामी. लोक शहरात गेलेले. एका घराच्या छतातून आकाश दिसत होतं, ते सैफचं.

आई ओसरीवर बसली होती. उम्म हमद, म्हणजे हमदची आई, या नावानेच तिला सगळे ओळखतात. लहानखुरी, तोंडावर तिकडच्या जुन्या बायका घालतात तो चमकदार निळसर मुखवटा, त्यातून दोन पांढुरके डोळे. आम्हाला बसायला चटई, मोठ्या ताटात रगाग. ही भाकरी कागदाइतकी पातळ असते, आपल्याकडच्या मांड्याची सख्खी बहीण, आत अंडं आणि चीज. चव मात्र उत्तम. ताटाभोवती आम्ही बसलो तर एक बाजू तिने रिकामी ठेवायला लावली. नंदाचा लाडू तिने चाखला, मान हलवली, आणि दुसरा त्या रिकाम्या बाजूला ठेवला. आपणही गेलेल्यांसाठी घास काढून ठेवतो. पण ते गेले असं मान्य केल्यावर. हिने बावीस वर्षांत मान्य केलेलंच नव्हतं.

मग ती उठली. सैफने हात धरून तिला गाडीपाशी आणलं. पुढचं दार उघडलं, ती आत बसली. हूड आम्ही उघडा ठेवला होता. तिने डॅशबोर्डवरून हात फिरवला, दारावरून फिरवला, नव्या रेक्झिनवर नख ओढून पाहिलं. सैफ तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिच्या मुखवट्याखाली नाकाशी कापड आत-बाहेर होत होतं, ती वास घेत होती.

मग एक वाक्य बोलली.

सैफचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळला. "माँ पूछती है, इसको इधर किसने रखा?"

मला आता खोटं बोलवेना. "मैंने. एक मुठ्ठी. पुराना कापूस. हमारी रीत है, सीट में डालते हैं. भूल से डाल दिया. और आपसे झूठ बोला."

मला वाटलं तो मला मारणार. त्याचा हात उठलासुद्धा, पण त्याने तो कपाळाला लावला. विलास पिकअपशेजारी खिळल्यासारखा उभा राहिला. आईने "काय म्हणतो?" असं विचारलं असावं. सैफने तिला अरबीत सांगितलं, तुटक, चिडून, अर्ध्यात आवाज फुटला.

ती ऐकून हसली. मुखवट्यातून हसू दिसत नाही, पण खांदे हलले. मग घराकडे तोंड न वळवताच तिने मोलकरणीला हाक मारून आपली पेटी पिकअपमध्ये ठेवायला सांगितली आणि दोन बोटांनी डॅशबोर्डवर टकटक केलं.

"यल्ला," ती म्हणाली. म्हणजे चला.

सैफ तसाच उभा. पाच वर्षं तो या एका शब्दासाठी येऊन परत जात होता.

"वो बोलती है," तो हळूच म्हणाला, "हमद गाडी में आ रहा है, तो मैं घर में किसके लिए बैठूँ?"

परत

गडबडीत मी ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरलो आणि सरळ पुढे सरकून उजव्या बाजूला, म्हातारीच्या मागे बसलो. विसरलो होतो. ऊन स्वच्छ होतं, हूड उघडा, वारा लागत होता. पाचेक मैल गेल्यावर ती न वळता काहीतरी बोलली. सैफने आरशात माझ्याकडे पाहिलं.

"मामा," तो म्हणाला, "माँ बोलती है, थोड़ा सरको. उसकी जगह है."

मूठ कुठल्या बाजूला घातलीय हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. सैफला नाही, विलासला नाही. आणि तिला तर दिसतही नव्हतं.

मी सरकलो. एसटीत कोणी उभं असलं की आपण सरकतो तसा, डाव्या कडेला चिकटून. उजवीकडे बघितलं नाही. पायाजवळ सैफच्या आईची शाल पडली होती, ती उचलून मध्ये ठेवली, मग थोड्या वेळाने उजवीकडे सरकवली. का, ते मला विचारू नका. वारा गार होता.

माळावर ती जागा आली. सैफने सवयीने वेग कमी केला आणि हॉर्नवर हात ठेवला. म्हातारीने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि चार शब्द बोलली. त्याने हॉर्न वाजवला नाही. ती काय म्हणाली हे त्याने मला संध्याकाळी सांगितलं. "हॉर्न नको, तो तिथे नाही."

शारजातलं नवं घर पांढरं, फाटकाला सोनेरी रंग, आत फरशीला अजून सिमेंटचा वास. मी डाव्या दाराने, सैफच्या मागून उतरलो. सैफ फेरी मारून आईपाशी गेला, दार उघडलं, तिला उतरवलं. ती दोन पावलं चालली आणि थांबली. मागे फिरली, हाताने चाचपत पुढच्या सीटची पाठ शोधली, ती पुढे दुमडली आणि तशी धरून उभी राहिली. दोन दारांच्या गाडीत मागचा माणूस उतरेपर्यंत सीट अशीच धरावी लागते. मी तर केव्हाच उतरून तिच्यासमोर उभा होतो. ती थांबली, जेवढा वेळ एका माणसाला वाकून बाहेर यायला लागतो तेवढा. मग सीट मागे टाकली, दार लावलं, आणि एक हात सैफच्या हातात, दुसरा जरासा बाजूला धरून घरात गेली. सैफ रडत होता. त्याने लपवलं नाही.

मी फाटकाशी एकटा राहिलो. हूड मिटायचा होता म्हणून गाडीत वाकलो आणि मागच्या सीटकडे पाहिलं. शाल घडी न मोडता पडली होती. ती उचलली. खाली बैठक नव्हती. तळहात ठेवून पाहिला, उजवी बाजू डावीइतकीच थंड होती. त्या गाडीत पहिल्यांदाच मला ती सीट मी शिवली होती तशी, सपाट दिसली.